‘नेटिव्ह’ म्हणजे कोण?

दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जाणाऱ्या कुटुंबांत अलीकडे एक चांगली गोष्ट दिसते. मोठी माणसे वंदन करून मेणबत्ती लावतात आणि बाजूला होतात, पण मुले तिथेच रेंगाळतात. स्तंभावरचा लेख वाचतात. इंग्रजीतला वाचतात, मराठीतला वाचतात. घरी येऊन पुस्तके उघडतात आणि मग आईबापांना प्रश्न विचारून भंडावून सोडतात. त्यातला एक प्रश्न आज घेऊ या. आपण घरात सरळ ‘महार पलटण’ म्हणतो. पण त्या पलटणीचे त्या काळचे सरकारी नाव होते बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, पहिली रेजिमेंट, दुसरी बटालियन. मग हे ‘नेटिव्ह’ म्हणजे काय? गावठी? काळा? हिंदुस्थानी?

शब्दकोश उघडला तर उत्तर एका ओळीचे आहे. नेटिव्ह म्हणजे त्या मुलखात जन्मलेला. पण कोशातली ओळ म्हणजे शब्दाचा फोटो असतो, आयुष्य नसते. या शब्दाचे आयुष्य पाहिले तर आपल्याच घरात येऊन पोहोचते.

आधी लढाईचे थोडक्यात सांगतो, कारण लहान वाचकही हे पान वाचतात. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रासच्या तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. सकाळी भीमेच्या काठी पोहोचतात तो पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज. कोरेगावच्या गल्ल्यांतून, घरांच्या भिंतींच्या आडून दिवसभर लढाई झाली. अन्न नाही, पाणी नाही. पलटण हटली नाही. पुढे इंग्रज सरकारने नदीच्या काठी, पेरणे गावच्या हद्दीत, हा स्तंभ उभारला. १८२१ साली त्याचा पाया घातला गेला. पलटणीत महार होते तसे मराठे, राजपूत, मुसलमान, बेने इस्रायलही होते, हे आपण विसरू नये. तरी स्तंभावरच्या मृतांच्या नावांत ‘नाक’ने संपणारी नावे मोजली की छाती भरून येते. गोपनाक मोठेनाक, शमनाक येशनाक, भागनाक हरनाक. बापाचेही नाव ‘नाक’, लेकाचेही ‘नाक’. या प्रत्ययाचे नाते ‘नायक’ या शब्दाशी जोडले जाते.

आता आपला शब्द. नेटिव्हचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. त्यावरून ‘नातिवुस’, म्हणजे जन्माने जसा आहे तसा. याच नातुसच्या पोटी इंग्रजीतले ‘नेशन’ आणि ‘नेचर’ हे शब्दही झाले. इथवर सगळे सोज्वळ आहे. राष्ट्र काय, निसर्ग काय, सगळी भली भावंडे.

पण मध्ययुगीन इंग्लंडच्या जमीनदारांची जुनी दप्तरे पाहा. ती लॅटिनमध्ये लिहिली जात. त्यांत ‘नातिवुस’ म्हणजे गावातला कोणीही नव्हे. तो जन्मदास. म्हणजे ज्याचा बाप मालकाच्या जमिनीला बांधलेला होता म्हणून तोही बांधलेला. त्याला मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे भरावे लागत. घरचा कर्ता मेला तर गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाकडे जाई. नातिवुस पळून गेला तर त्याला धरून परत आणण्यासाठी राजाच्या दरबारातून खास हुकूम काढता येत असे, आणि त्या हुकमाच्या नावातच हा शब्द होता. हे सारे कशाच्या आधारावर? कातडीचा रंग सारखा. देव एक, चर्च एक. मालक गोरा, दासही गोरा. फरक इतकाच, की हा ‘तसा’ जन्मला.

वाचताना तुम्हाला काही आठवले असेल. आपल्या आज्याच्या हातातली घुंगुरकाठी आठवली असेल. मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल घेऊन धावणे, चावडीपुढे उभे राहणे, आणि बदल्यात मूठभर बलुते व जमिनीचा एक तुकडा, त्याचे नाव वतन. वतन म्हणजे मानाची गोष्ट असे इतरांना वाटे. आपल्याला ते पायातले लोढणे होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते यासाठीच. वतने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने. त्या कायद्याचे इंग्रजी नाव एकदा मोठ्याने वाचून पाहा : बॉम्बे इन्फिरिअर व्हिलेज वतन्स ॲबॉलिशन ॲक्ट. इन्फिरिअर, म्हणजे कनिष्ठ! आपली बेडी तोडणाऱ्या कागदाने देखील आपल्याला आधी कनिष्ठ म्हणून घेतले.

इंग्लंडातल्या नातिवुसांनी मात्र हा शब्द मुकाट्याने सोसला नाही. १३८१ सालच्या जून महिन्यात तिथले शेतकरी उठले. वॉट टायलर त्यांचा पुढारी. त्यांची एक मोठी मागणी होती की यापुढे कोणी जन्माने दास असू नये. ठिकठिकाणी त्यांनी मालकांची दप्तरे जाळली. वाडे पुष्कळ ठिकाणी लुटले गेले, तो बंडाचा भागच असतो, पण दप्तर जाळणे मला विशेष वाटते. कोण कोणाच्या पोटी जन्मला आणि म्हणून कोणाचा दास, हे त्या कागदांत लिहिलेले होते. त्या माणसांना अक्षर वाचता येत नव्हते, पण आपली बेडी कोणत्या कागदात आहे हे बरोबर ठाऊक होते. चौदा वर्षांच्या राजाने, दुसऱ्या रिचर्डने, आधी सगळे कबूल केले, मग शब्द फिरवला, आणि बंड मोडले गेले.

तरीही प्रथा हळूहळू मेलीच. प्लेगने माणसे कमी केली होती, मजुरी महाग झाली होती, लोक शहराकडे पळत होते. १५७४ साली राणी एलिझाबेथने राजघराण्याच्या जमिनींवर उरलेल्या जन्मदासांना पैसे घेऊन मोकळे करण्यासाठी अधिकारी नेमले. आणि १६०० च्या ३१ डिसेंबरला त्याच राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. म्हणजे शब्दाने आपल्या घरातले जुने काम सोडले आणि सुमारे पाव शतकात जहाजांची सोय झाली.

जहाजात बसून आलेला ‘नेटिव्ह’ तोच, पण आता तो गोऱ्या कुणब्याला लागत नव्हता. तो आम्हा सर्वांना लागला. नेटिव्ह पलटण, नेटिव्ह ऑफिसर, नेटिव्ह वर्तमानपत्रे, नेटिव्ह संस्थाने. आपल्या पंडितांनी त्याला ‘एतद्देशीय’ असे जरीकाठी धोतर नेसवले आणि शाळाखात्यात बसवले. आरंभी त्यात शिवी नव्हती. नंतर आली. गोऱ्या साहेबाच्या तोंडचा ‘नेटिव्ह’ म्हणजे उंबऱ्याबाहेरचा. क्लबात त्याला जागा नाही आणि साहेबाच्या पंगतीत त्याला ताट नाही. मोठमोठे शिकलेले, शास्त्र्यांच्या घरचे लोक या शब्दाने पेटून उठत. पेटून उठायलाच हवे होते. पण त्यांच्याच आळीतल्या आडावर महाराच्या बाईला घागर बुडवता येत नव्हती, तेव्हा कोणी पेटत नव्हते. ‘जन्मावरून मला हिणवू नका’ असे साहेबाला सांगायचे आणि घरी आल्यावर जन्म विचारून पाणी वाढायचे, ही तारेवरची कसरत आपल्या देशात शंभर वर्षे चालली.

या ‘नेटिव्ह’मध्ये आपण होतो की नाही? लढायचे तेव्हा होतो. शिकायचे तेव्हा? मुंबईत १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ नावाची संस्था शाळा चालवीत होती. नावात नेटिव्ह सगळेच. पण एल्फिन्स्टन साहेबाने १८२४ सालीच लिहून ठेवले होते की खालच्या जातींची मुले शिकण्यात चांगली निघतात, मात्र त्यांना उत्तेजन देताना जपून, नाहीतर वरचे लोक शिक्षणाकडे पाठ फिरवतील. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची जी कैफियत मांडली, तीत हे टिपण पुढे ठेवले आहे. धारवाडची गोष्टही तीत आहे. १८५६ साली एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे : न्याय तुझ्या बाजूचा आहे हे आम्हाला मान्य, पण तुझ्या एकट्यासाठी बाकी सर्वांची शाळा मोडणे बरे नव्हे. त्या मुलाचे नाव कोणाला ठाऊक नाही. कोरेगावच्या शिपायांची नावे दगडावर आहेत, या मुलाची ओळख सरकारी ठरावात ‘महार मुलगा’ एवढीच. त्यालाही स्तंभ हवा होता असे मला फार वाटते.

आता पलटणीकडे परत येऊ. १८८५ साली हिंदुस्थानी पलटणींच्या नावातून ‘नेटिव्ह’ हा शब्द काढला गेला. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची नुसती बॉम्बे इन्फन्ट्री झाली. वाचून बरे वाटते ना? थांबा. त्याच साली लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती झाला. काही जाती जन्मतःच लढवय्या आणि काही जन्मतःच नाहीत, हे त्याचे ठाम मत. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या दगडावर कोरलेली, ते ‘लढवय्या जात’ नव्हेत असे ठरले. म्हणजे पाटीवरचा शब्द पुसला गेला आणि सात-आठ वर्षांत त्याचा अर्थ दुप्पट जोराने परत आला. यापुढे कोण्या संस्थेने आपले जुने नाव बदलल्याची बातमी वाचली, तर आत काय बदलले ते जरूर विचारावे.

या बंदीने आपल्या समाजाचे किती नुकसान झाले याचा हिशेब कोणी मांडला नाही. पलटण म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती, शिपायांच्या मुलामुलींना अक्षरओळख होती, अंगावर स्वच्छ कपडा होता, नावापुढे सुभेदार, जमादार होते. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते, आणि म्हणूनच भीमरावांच्या घरात पुस्तक होते. हे दार लागले तेव्हा पहिली आरोळी पेन्शनरांनीच ठोकली. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त फौजी. त्यांनी १८९४ साली सरकारकडे द्यायचा अर्ज तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज पोहोचवला. दोघांचेही म्हणणे सरळ होते : आमची चाकरी पाहा. कांबळ्यांसारख्या कार्यकर्त्यांच्या खटपटीने १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले, आणि आज आपण जी वाट तुडवतो ती तिथून पडली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली तशी १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे ती रेजिमेंट सर्व जातीधर्मांच्या जवानांना खुली झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. लॅटिनमधल्या ‘नातुस’चे त्याहून जुने रूप आहे ‘ग्नातुस’. संस्कृत, पाली, लॅटिन या एका कुळातल्या भाषा, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. (भाषेचे कूळ म्हणजे रक्ताचे कूळ नव्हे. आर्य वंशाच्या कल्पनेची बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात चिरफाड केली आहे, ती विसरू नका.) तर या कुळात लॅटिनच्या ‘ग्नातुस’चा सख्खा भाऊ संस्कृतात कोण? ‘जात’. जन्म, जनक, जननी, जात. अर्थही तोच, जन्मलेला. इंग्रजाचा ‘नेटिव्ह’ आणि आपली ‘जात’ हे दोन मुलखांत वाढलेले एकाच घरचे शब्द आहेत, आणि दोघांनीही पुढे एकच धंदा केला. ज्याला माणसाचे काम पाहायचे नाही, करणी पाहायची नाही, त्याला हा शब्द हाताशी लागतो. कारण जन्म तपासायला डोळे लागत नाहीत, नुसते दप्तर लागते.

तथागतांपुढे हाच प्रश्न आला होता. सुत्तनिपातातले वसलसुत्त काही विहारांत वाचले जाते, त्यातला प्रसंग पाहा. श्रावस्तीत भिक्षेला निघालेले तथागत अग्निपूजक भारद्वाजाच्या घराकडे येतात. तो लांबूनच ओरडतो, मुंडक्या, वसला, तिथेच थांब. तथागत रागावत नाहीत. ते शांतपणे विचारतात, वसल कोणाला म्हणतात हे तरी तुला ठाऊक आहे का? आणि मग रागीट, कपटी, कर्ज बुडवणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, अशी करणीची भली मोठी यादी देतात. तीत जन्म कुठेच येत नाही. जन्मासाठी तिथे पालीत जो शब्द आहे, तोही याच ‘जात’च्या घरातला. शिवीचा अर्थ काय असे शिवी देणाऱ्यालाच विचारणे, ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. बाबासाहेबांनी ती पुष्कळदा वापरली. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या सरकारी नावाबद्दल १९३२ साली त्यांनी लोथियन समितीपुढे स्पष्ट नापसंती नोंदवली आणि दुसरी नावे सुचवली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात कायद्याच्या मजकुरात ‘हरिजन’ शब्द घालायचे ठरले तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला, आणि सरकार ऐकेना तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. नावासाठी एवढे कशाला, असे तेव्हाही काही शहाणे म्हणत होते.

शेवटी राहिला मुंबईकरांचा ‘नेटिव्ह’. चाळीत, कारखान्यात, लोकलमध्ये कोणी ओळख काढताना विचारतो, ‘तुमचं नेटिव्ह प्लेस कुठलं?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसते. सुट्टीत कुठे जाता, एवढाच अर्थ. पण गावाचे नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न ‘गावात कुठे?’ असा आला की आपल्या माणसाचा घास अडकतो, कारण आपले घर गावात नव्हतेच, गावकुसाबाहेर होते. पुष्कळांनी यावर उपाय म्हणून तालुक्याचे नाव सांगून वेळ मारून नेली आहे. त्यांना मी दोष देत नाही, नोकरी टिकवायची असते, खोली भाड्याने मिळवायची असते. आपली संविधानसभा मात्र या दोन्ही प्रश्नांना पुरून उरली. पंधराव्या अनुच्छेदात धर्म आणि वंश यांच्यापाठोपाठ ‘जात’ आहे, आणि लिंग या शब्दानंतर ‘जन्मस्थान’ आहे. त्यांवरून राज्याला कोणाशी भेदभाव करता येत नाही. म्हणजे नेटिव्हचे दोन्ही अर्थ, कोणाच्या पोटी जन्मला आणि कुठे जन्मला, एकाच ओळीत पकडून ठेवले आहेत. मुले नागरिकशास्त्रात हा अनुच्छेद पाठ करतात. ही ओळ त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या आणि हे दोन शब्द बोटाने दाखवा.

‘इन्फन्ट्री’ या दुसऱ्या शब्दाचे मूळही मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘इन्फान्स’ म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही असे मूल. त्यावरून पोरगा, मग पायी चालणारा पोरगा शिपाई, मग पायदळ. बोलता न येणाऱ्यांचे दळ, आणि त्यांची नावे ‘नाक’वाली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला आपले पहिले पत्र काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’.

ज्यांच्या आजोबांनी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ दिली असेल, त्यांनी घरी जुने सर्टिफिकेट आहे का ते शोधून ठेवावे. लॅटिनमध्ये ‘वेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. ती हकिकत पुढच्या अंकी. सर्वांना सप्रेम जयभीम.